कामाचा हात

४ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, बाबांची वेताची खुर्ची सोडून. शनिवारी बाबा बसची ड्यूटी संपवून आले, नेहमीसारखे धपकन बसले आणि सरळ खाली गेले. म्हणजे खुर्ची जागेवर, बाबा मधून खाली, गुडघे हनुवटीला. आई आधी घाबरली, मग इतकी हसायला लागली की तिला मदतीला येताच येईना. मीच ओढून काढलं. बाबा म्हणाले की दिवसभर चाळीस माणसं बसवून आणतो आणि घरी मलाच सीट नाही.

आता आईनं त्या भोकावर कपाटातली फळी ठेवलीये. त्यावर बाबा दात काढून घ्यायला आल्यासारखे ताठ बसतात. दहा मिनिटांत उठतात आणि आत जाऊन आडवे होतात. त्यामुळे आमची संध्याकाळच गेलीये. तुला माहितीये ना, आई लाँड्रीतून शर्ट गुंडाळायचे जुने पेपर आणते, त्यातलं शब्दकोडं आम्ही सोडवतो. आई मोठ्यानं विचारते, मी खिडकीखाली बसून लिहिते, आणि दोन अक्षरी काहीही असलं की बाबा म्हणतात, बस. फूल असो, राजा असो, बस. आता आई एकटीच सोडवते, मनातल्या मनात. घरात नुसता नळाचा आवाज.

दुकानदार म्हणाला की वेताचं काम आता कुणी करत नाही, प्लास्टिकची घ्या. मग मला तू आठवलास. मी विणू का, मामा? तू पत्रातून सांग. शाळा सुटून दीड वर्ष झालं, पण वाचून केलेलं मला जमतं. उभं राहून उत्तर देणं तेवढं जमत नव्हतं.

तुझी तब्येत कशी आहे? मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो खुर्चीसाठी थोडा वाढव.

तुझी,
पोपट


९ मार्च

चि. पोपट हिस,
अ. उ. आ.

समोर आलीस की तोंडातून शब्द फुटत नाही म्हणून मी तुझं नाव पोपट ठेवलं, आणि कागदावर बघतो तर दोन पानं बडबड! तुझी मामी म्हणाली की ही पोरगी शाईनंच बोलते.

विणायचं असेल तर नीट विण. वेताची भेंडोळी बसनं पाठवलीये, बाबांच्या डेपोतून घे. आधी जुनी बैठक कापून टाक, सगळी भोकं खिळ्यानं मोकळी कर. वेत अर्धा तास पाण्यात ठेव, चकचकीत बाजू नेहमी वर. पहिली फेरी उभी, दुसरी आडवी, तिसरी परत उभी. भोकातून पट्टी सुटू नये म्हणून लाकडी खुंटी ठोकत जा. सुरुवात कायम कामाच्या हाताकडून करायची. चौथी फेरी आडवी, पण ही विणायची. उभ्या पट्ट्या आता जोडीजोडीनं असतील. जोडीतली कामाच्या हाताकडची पट्टी खाली दाबायची, दुसरीच्या खालून जायचं. एवढं झालं की कळव, मग तिरप्या फेऱ्या सांगेन.

माझं विचारतेस तर हात थरथरतो. चहा पिताना अर्धा बशीत, अर्धा शर्टावर. पट्टी भोकात घालायला गेलो की भोकच सापडत नाही. तीन महिने एकही खुर्ची झाली नाही. म्हणून दुकान आवरतोय. एकतीस तारखेला भंगारवाला येऊन हत्यारं नेणार आहे.

तुझी बैठक खरंच चांगली झाली तर मात्र हत्यारं भंगारात देणार नाही, तुला देईन. बरी झाली तर नाही, चांगली झाली तर. भाची म्हणून सूट नाही. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
मामा


१६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चार फेऱ्या झाल्या! पहिल्या दिवशी बोटं कापली, दुसऱ्या दिवशी पट्टी उलटी लावली, तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप चालायला लागला. पट्टी ओढली की दोरीवर कपडे सरकवल्यासारखा आवाज येतो. सकाळी आई लाँड्रीत, बाबा बसवर. मी, पाण्याची बादली आणि खुर्ची. कुणी काही विचारत नाही आणि तरी दिवसभर कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटतं. असं मला शाळेत कधीच वाटलं नव्हतं.

बाबा रोज येऊन वाकून बघतात, मग फळी शोधतात, मग आठवतं की खुर्चीच नाही, आणि जमिनीवर माझ्या शेजारी बसतात. काल म्हणाले की ड्रायव्हरला पहिल्यांदाच क्लीनरच्या जागेवर बसवलं तुम्ही.

हत्यारांचं वाचलं आणि तेवढाच मजकूर मी रात्री तीनदा परत वाचला. कारण तुला सांगितलं नव्हतं, आईनं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला शब्द दिलाय. सात एप्रिलपासून मी त्याच्या काउंटरवर. येणाऱ्या प्रत्येकाला काय हवं ते विचारायचं, गोळी कधी घ्यायची ते सांगायचं, तेही मोठ्यानं, कारण निम्म्यांना ऐकू येत नाही. आई म्हणते की घरात बसून तोंडाला गंज चढेल. तिचं चुकत नाही. पण मला हत्यारं मिळाली तर मी सांगू तरी शकेन की मला एक काम येतं.

तिरप्या फेऱ्या लवकर सांग. जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
पोपट


२० मार्च

चि. पोपट हिस,
अ. उ. आ.

घे तिरप्या. दुकानात राहिलेली एक बैठक समोर ठेवून लिहितोय, म्हणजे चूक नको. खुर्चीसमोर बस. पाचवी फेरी मागच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करून पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे आण. उभ्या जोड्यांच्या वरून, आडव्या जोड्यांच्या खालून. सहावी मागच्या डाव्या कोपऱ्यातून, तिथं सगळं उलट. मग कडेची पट्टी.

झाल्यावर वेत वाळू दे आणि डोळे मिटून तळहात फिरव. गुळगुळीत लागला तर पट्ट्या आपापल्या खाचेत बसल्या. खरखरला तर तिरपी चुकली. अशी बैठक दिसायला छान असते, पण पट्ट्या एकमेकींना चावतात आणि वर्षात तुटतात. तळहात काय म्हणतो ते मला कळव. बाकी काही नको.

तुझा,
मामा


२४ मार्च

ती. मामास,
शि. सा. न.

खुर्ची झाली. छान दिसते. तळहात गुळगुळीत.

तुझी,
पोपट


२६ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर लिहितेय. पोरीला सांगितलेलं नाही.

तिनं तुला गुळगुळीत म्हणून कळवलं ना? खोटं आहे. त्याच संध्याकाळी मी घरी आले तर ही खुर्चीपुढे बसून तिरप्या पट्ट्या एकेक करून उसवत होती. डोळे सुजलेले. मी हात फिरवला, खरखरत होतं. गुळगुळीत म्हणून मामाला पत्र टाकून आले, असं कसंबसं म्हणाली. काल ती सकाळपासून खुर्चीपुढे होती. परत विणलं, तुझं पत्र पुढ्यात ठेवून, अक्षर अन् अक्षर पाळून. परत खरखरीत.

मग तुझी दोन्ही पत्रं मी वाचली, आणि बाळा, कपाळावर हात मारून घेतला. तू तिला लिहिलंस की कामाच्या हाताकडून सुरुवात कर. तिनं उजवीकडून केली. तिला कुठं ठाऊक की तू डावरा! तिनं तुला फक्त पत्रं लिहिताना पाहिलंय, आणि लिहितोस तू उजव्यानं. मला मात्र तू बटाटे सोलताना आठवतोस, साल कायम उलट्या बाजूला पडायची. चार फेऱ्या तिच्या हातानं झाल्या आणि तिरप्या तुझ्या. मग बसणार कशा?

हे तिला मी सांगितलं नाही. तूच सांग, तुझं तिला पटेल. हत्यारांचं तू ठरव. दया म्हणून देऊ नकोस, ती ओळखेल. औषधवाल्याचं मी का ठरवलं तेही ऐक. ती बोलत नाही, त्याला मी घाबरते. पण गेले पंधरा दिवस घरी आले की ती आपणहून सांगायची, आज किती ओळी झाल्या. ते आता थांबलंय.

तुझी,
ताई


२८ मार्च

चि. पोपट हिस,
अ. उ. आ.

तीन वाक्यांचं पत्र? तू? वाचल्या वाचल्या मामीला म्हटलं, बैठक खरखरलीये.

चूक तुझी नाही. मी डावरा आहे. शाळेत गुरुजींनी पट्टीनं मारून मारून पेन उजव्या हातात दिलं. ते तिथंच राहिलं. बाकी सगळं, करवत, सुरी, वेत, डाव्यानं. चाळीस वर्षांत कुणाला शिकवलं नाही, त्यामुळे कामाचा हात म्हणजे डावा हे वेगळं सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नाही. तुझ्या चार फेऱ्या तुझ्या हातानं बरोबरच आहेत. तिरप्यांचे माझे कोपरे फक्त उलट करायचे. पाचवी डावीकडून, सहावी उजवीकडून.

पण पत्रानं आता पुरे. रविवारी बाबांच्या बसनं खुर्ची घेऊन ये. तिरप्या काढून आण. सोमवारी भंगारवाला येतोय, त्याआधी मला तुझा हात बघायचाय.

तुझा,
मामा


१ एप्रिल

चि. पोपट हिस,
अ. उ. आ.

रविवारी निघताना तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मला दिसलं. बैठक गुळगुळीत झाली, मी स्वतः डोळे मिटून हात फिरवला, आणि तरी मामानं हत्यारं काही हातात दिली नाहीत. बसच्या खिडकीतून बघत होतीस, मी दुकानाच्या दारातून काही आणतोय का म्हणून.

आणत नव्हतो. पण काल भंगारवाल्यालाही दिली नाहीत, मामीचा बंद पडलेला पंखा दिला. तो म्हणाला की हत्यारं कुठायत, मी म्हटलं की लागणार आहेत. मामीनं पंख्यावरून दोन तास तोंड सोडलं, तेही ऐकून घेतलं.

असं बघ. तू तिरप्या घालत होतीस तेव्हा मी शेजारी बसून पट्टीचं टोक ओढून धरत होतो. भोकात घालायला हात नाही पुरत, धरून ठेवायला पुरतो. हे मला रविवारपर्यंत माहीत नव्हतं. मी एकटाच करून बघायचो आणि एकटाच चिडायचो. तेव्हा हत्यारं इथंच राहतील. बाबांची बस इकडं येतेच, दर गुरुवारी बसायचं आणि शनिवारी परतायचं. तू ये. आमच्या गल्लीतल्या शिवणवालीच्या चार खुर्च्या डिसेंबरपासून माझ्याकडे उलट्या पडल्यात.

आईला विचार. आणि औषधवाल्याला तू स्वतः सांग. ते मी करणार नाही, आईही नाही.

तुझा,
मामा


५ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे. तळहात गुळगुळीत असं मी लिहिलं ते खोटं होतं. रविवारी सहा तास शेजारी बसून तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता सांगितलं.

आई हो म्हणाली. लगेच नाही. आधी भाज्या निवडून झाल्या, भांडी झाली, मग म्हणाली की मामीला चपात्या लाटायला मदत करायची, नुसतं वेतात डोकं खुपसून बसायचं नाही. म्हणजे होच.

औषधवाल्याकडे काल गेले. घरून चिठ्ठी लिहून नेली होती, की मला दुसरं काम मिळालंय, माफ करा. काउंटरवर ठेवली. त्यानं चिठ्ठी उचलली, न वाचताच मागे वळला आणि फळ्यांवर शोधायला लागला! सवयीनं. वरची फळी, खालची फळी, मग चष्मा लावून चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. माझ्यामागे चार माणसं उभी. मला बोलावंच लागलं. म्हटलं, ते औषध नाहीये काका, मीच येणार नाहीये, मी खुर्च्या विणते. सगळे हसले. मीसुद्धा. तो म्हणाला की काउंटरमागचं त्याचं वेताचं स्टूल बघशील का, वर्षभर उशी ठेवून बसतोय. मग मी त्याला विचारलं की भोकं किती आहेत. मामा, मी अनोळखी माणसाला प्रश्न विचारला. अठ्ठ्याहत्तर आहेत.

बाबांच्या बसमधली गंमत सांगायचीच राहिली. परत येताना खुर्ची मधल्या जागेत ठेवली होती. एक आजोबा चढले आणि सरळ तिच्यात बसले. बाबा आरशातून ओरडले की ती सीट रिझर्व्ह आहे. आजोबांनी विचारलं कुणासाठी, तर म्हणाले, ड्रायव्हरसाठी.

आता बाबा रोज तिच्यात बसतात. पहिल्या दिवशी आधी हात टेकवला, मग अर्धे बसले, मग पूर्ण, आणि आईकडे न बघता म्हणाले की आजचं कोडं कुठाय. आईनं विचारलं, दोन अक्षरी, थकल्यावर माणसाला हवं ते. बाबांनी काय सांगितलं ते तुला ठाऊकच आहे. आईनं ते तसंच लिहून टाकलं.

गुरुवारी येते. तू तुझ्या शेजारी माझ्यासाठी स्टूल ठेवलं होतंस ना, ते काढ. शेजारी बसलो की तुझं डावं कोपर आणि माझं उजवं सारखं आपटतं. समोर ठेव, खुर्चीच्या पलीकडं. समोरासमोर बसलं की तुझा कामाचा हात आणि माझा कामाचा हात एकाच बाजूला येतात.

मामीला नमस्कार, पंख्याबद्दल सॉरी. लोभ होता तसाच ताणून धर.

तुझी,
पोपट