जे पोटाला चालतं ते पत्र्याला

३ मार्च
लेकीने आज मला माझ्याच पार्किंगमध्ये उभं करून फैलावर घेतलं. कारण काय, तर चिंगी खोकली. तीन वर्षांचं पोर, खोकणारच. मी गाडीची चाकं धूत होते, ती शेजारी उकिडवी बसून बादलीत हात बुडवत होती. एवढंच. लेक म्हणाली, आई, ही बाटली कसली? म्हटलं, चाकांची. म्हणाली, हिच्यावर कवटी आहे. मला ती कंपनीची खूण वाटली होती. आजकाल कशावरही कवट्या असतात. जावयाच्या टी-शर्टवर तर तीन आहेत, त्याला कोणी बोलत नाही.
चिंगीचे हात लाल झाले होते. थोडेसे. संध्याकाळपर्यंत लाली उतरली.
बाटली मोरीत ओतणार होते, लेकीने हातातून काढून घेतली आणि पिशवीत बांधून नेली. जाता जाता हुकूम: सतरा तारखेपासून चिंगीची नर्सरी. तिला आणायला तू जायचंस असं ठरलंय खरं, पण असलं विष पुन्हा गाडीजवळ दिसलं तर मी सरळ नर्सरीची व्हॅन लावीन.
व्हॅन. कोंबड्या भरतात तशी पोरं भरतात त्यात. माझी नात त्यातून येणार नाही.

४ मार्च, सकाळ
चहा घेताना तत्त्व सापडलं. जे पोटाला चालतं ते पत्र्याला चालतं. इतकं साधं आहे आणि कोणाला सुचलं नाही. स्वयंपाकघरात जे आहे तेच वापरायचं. विषाचा प्रश्नच मिटला.
यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, मग गाडीचंही ताट वाढत जा. दुर्लक्ष केलं. चाळीस वर्षं तेच करतेय.
मला यातलं कळत नाही असं म्हणायची सोय नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं हे खरं, पण केमिस्ट्रीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा एक अख्खी टर्म मी काढली होती. शिवाय आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिक्षा म्हणून दारांच्या पितळी मुठी लिंबाने घासून घ्यायच्या. वर्गात सगळ्यांत जास्त मुठी मी घासल्या. म्हणजे अनुभवही सगळ्यांत जास्त माझाच.

६ मार्च
समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर आज गाडी धूत होते. रिटायर झाल्यापासून दुसरा उद्योग नाही. एका बादलीत गुलाबी पाणी, दुसऱ्या बादलीत साधं पाणी, हातात लोकरी मोजा. गाडीचे दात घासल्यासारखे घासतात. रंग बघूनच कळत होतं की गुलाबी पाणी केमिकलचं आहे. स्पष्ट सांगितलं, डॉक्टर, असल्या गोष्टींनी पार्किंगमध्ये लहान मुलांना त्रास होतो. ते म्हणाले, मॅडम, साधा गाडीचा शाम्पू आहे हो, न्यूट्रल. मागे सगळं लिहिलंय, वाचा की.
चष्मा वर राहिला होता. आणि बाटलीवर लिहिलेलं खरं मानायचं असेल तर जगात सगळ्यांचेच केस दाट झाले असते.
त्यांचा नातू त्याच नर्सरीत जाणार आहे म्हणे. म्हणाले, दोघांना एकत्र आणू. म्हटलं, आमच्याकडे स्वतःची गाडी आहे.

७ मार्च
शुभारंभ. चाकांना व्हिनेगर. भरपूर. पाणी घातलं नाही, उगाच ताकद कशाला कमी करायची. उन्हात छान मुरू दिलं. वर येऊन जेवले. जरा पडले. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. उद्या धुवीन.

८ मार्च
चाकांवर पांढरे ढग आले आहेत. वर्षानुवर्षांचा मळ निघून खाली खरा धातू दिसू लागला असणार. ॲल्युमिनियम मुळात पांढरंच असतं. हे खाली आले, बघून म्हणाले, चाकांना पावडर लावलीस का, की चुना? यांना धातूतलं काही कळत नाही. बँकेत होते.

१० मार्च
प्रयोग केला. डोळस माणसाने प्रयोग करावा. त्या टर्मची लिटमस कागदांची डबी अजून माझ्याकडे आहे. शाळेने मागितली नाही, मी दिली नाही. डॉक्टर वर गेल्यावर त्यांच्या बादलीतला थेंब घेतला. निळा कागद निळाच, लाल कागद लालच. मग आमचं व्हिनेगर. निळा कागद टेकवला मात्र, लालभडक.
निष्कर्ष: कागद जुना झाला आहे.

११ मार्च
ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर एक ओरखडा आहे. गेट अरुंद बांधलंय त्याला मी काय करणार. ओरखड्यात काळं साचलं होतं. लिंबू आणि मीठ घेऊन बसले. सिस्टरांची पद्धत. अर्धी फोड चिंगीला दिली. तीही घासत होती, घासता घासता दाराची मूठ चाटली. म्हणाली, आजी, गाडी आंबट. परत चाटली.
खोकला नाही. हात लाल नाहीत. लेकीला लगेच फोन केला. म्हटलं, पोरगी गाडी चाटतेय आणि ठणठणीत आहे. ती म्हणाली, आई, तिला गाडी चाटायला का दिलीस? या पिढीला समाधान म्हणून नाही.
मीठ धुवायचं राहिलं. वर दूध गॅसवर होतं.

१३ मार्च
ओरखड्यावर नारिंगी रेघ. लिंबाचा रंग उतरला असेल. हे म्हणाले, लिंबू पिवळं असतं. म्हटलं, पिकलेलं होतं.
बॉनेटवर पाखरांनी घाण केली होती, ती खायच्या सोड्याने घासून काढली. जोर लावून. घाण गेली. तिथली चकाकीही गेली, पण जावईच एकदा सांगत होता की महागड्या गाड्यांना हल्ली मॅट फिनिश असतो. लोक त्याचे जास्तीचे पैसे देतात.
डॉक्टर शेजारून गेले. थांबले. माझ्या चाकांकडे बघितलं. दातांच्या डॉक्टरला तोंड मिटून हसायची सवय असते.

१५ मार्च, शनिवार
परीक्षा. लेक आणि जावई आले. लेकीने दार उघडून आधी वास घेतला. म्हणाली, छान आहे, सॅलडसारखा. मी यांच्याकडे बघितलं. बघावंच लागलं.
मग जावई खाली वाकला. जावई सज्जन आहे, बोलायच्या आधी मनात शब्द मोजतो. नारिंगी रेघेवर नख फिरवलं. रंगाचा पापुद्रा त्याच्या बोटाला आला. तो त्याने रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, एखाद्याची चूक झाकावी तसा. मग म्हणाला, आई, हा गंज आहे. आत शिरायच्या आधी दार घासून रंगवावं लागेल. चाकंही दाखवू. गाडी दोनतीन आठवडे गॅरेजमध्ये.
मी म्हटलं, पण विष नव्हतं.
लेक म्हणाली, नव्हतं ना. ते अगदी मान्य. अगं पण पोरीला सोसतं ते वेगळं आणि गाडीला सोसतं ते वेगळं. दोन्ही बघायला नकोत? मी विष नको म्हटलं होतं, कोशिंबीर कर कुठे म्हटलं?
आवाज चढलेला नव्हता. तेच वाईट वाटलं. चढला असता तर उत्तर तयार होतं.
म्हणजे सोमवारी चिंगीला आणायला गाडी नाही. लेकीने हळूच फोन काढला. व्हॅनवाल्याचा नंबर तिच्याकडे आधीपासून होता, हे माझ्या लक्षात आलं.
तेवढ्यात डॉक्टर बादल्या घेऊन खाली आले. आमचं सगळं ऐकलं असणार, तरी ऐकलं नसल्यासारखे म्हणाले, मॅडम, सोमवारी नातवाला आणायला मी जातोच आहे. तुम्ही आणि चिंगी मागे बसा. पुढे माझ्या पिशव्या असतात.
नाही म्हणणार होते. चिंगी माझा पदर ओढून म्हणाली, आजी, हो म्हण ना.
म्हटलं, गॅरेजमधून गाडी येईपर्यंत. तेवढंच.

१७ मार्च
चिंगी नर्सरीतून पळत बाहेर आली ती थेट माझ्या अंगावर. दारातल्या बाईंना म्हणाली, आमची गाडी दवाखान्यात आहे, तिला आजीने औषध लावलं. बाई हसल्या. मी नाही.
मागच्या सीटवर तिघं. मधे मी. दोन्ही बाजूंनी पोरं एकमेकांशी माझ्या अंगावरून बोलत होती. घरी आल्यावर चिंगीने डॉक्टरांच्या गाडीच्या दाराला दोन्ही तळवे लावले, मग गाल लावला, आणि त्यात स्वतःला बघून तोंडं वेडावत बसली. आमच्या दारात तोंड दिसायचं कधीच बंद झालं होतं. मी तिला ओढायला गेले तर डॉक्टर म्हणाले, असू दे, काही होत नाही.
तिचे तळवे बघितले. गाल बघितला. काही नव्हतं.
वर गेले, चष्मा घेऊन परत खाली आले. गुलाबी बाटली पाण्याच्या नळाजवळ उभीच होती. मागे बारीक अक्षरात लिहिलंय: न्यूट्रल. रंगाला, धातूला आणि हातांना सुरक्षित. सगळं इंग्रजीत, आणि त्यात एक स्वल्पविराम चुकीच्या जागी आहे. तो मी डॉक्टरांना दाखवला.
ते म्हणाले, बघा, माझ्या कधी लक्षातच आलं नाही.
बाटली कुठे मिळते ते विचारून घेतलं. यांना हवी आहे, असं सांगितलं.