मुकादमाने खूर धरायचा नसतो

सर,

इथे सौदीत, ताइफला संध्याकाळी बरी हवा सुटते. तबेल्यातलं काम आटोपून लिहायला बसलो आहे. या हिवाळ्यात मालकाने मला साईसांचा, म्हणजे घोडे राखणाऱ्यांचा, मुकादम केलं. तुम्ही असतात तर हसला असतात. शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलो तेव्हा तुम्ही ओरडला होतात, "गाढवा, नववीतून कुठे निघालास? तो प्रशियाचा घोडेस्वार आठवतो का?" आठवतो, सर. पुस्तकात नव्हता, तरी तुम्ही त्याच्यावर अख्खा तास घेतला होता. शेतकऱ्याचा मुलगा, राजाच्या घोडदळात साधा स्वार म्हणून लागला. आम्हाला समजावं म्हणून तुम्ही त्याला बारगीर म्हणालात, म्हणजे अंगाखालचा घोडाही सरकारचा. पुढे नाईक झाला, हवालदार झाला. एका लढाईत वरचा अधिकारी पडला तेव्हा याने तुकडी फुटू दिली नाही, आणि जिथे बहुतेक उमरावांच्याच मुलांना अधिकारी करत, तिथे राजाने याला केलं. शेवटी पलटण त्याची, उमरावकी त्याची. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि तास संपला.

मला विचारायचं आहे ते त्याच्या पुढचं. ज्यांच्याबरोबर तो पेंढ्यावर झोपला होता, त्यांचं काय झालं?

इथे मला काम शिकवलं ते चाचांनी. मुरुडकडचे, म्हातारे, गुडघे गेलेले. वाकून घोड्याचा खूर मांडीवर घेणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांच्या घोड्यांचे खूर मी साफ करायचो आणि माझ्या घोड्यांना ते खरारा करायचे. ठरवलं असं कोणी नव्हतं, चाललं होतं. मुकादम झालो आणि ते थांबलं. मुकादमाने खूर धरायचा नसतो, उभं राहून बघायचं असतं, अशी इथली रीत आहे. पहिल्या सकाळी सवयीने खुरातली घाण काढायची आकडी उचलली, तर सगळी पोरं हसली. "सायब, हात घाण होतील!" चाचांनीच ती माझ्या हातातून काढून घेतली. हळूच म्हणाले, "ठेव. तू वाकलास तर ही पोरं तुला उद्या मोजणार नाय. माझं मी बघतो." मी ऐकलं. बाकीच्यांच्या घोड्यांचा एकेक खूर मी वास घेऊन तपासतो. मला त्याशिवाय चैन पडत नाही. चाचांच्या घोड्यांपाशी मात्र लांबूनच "ठीक आहे" म्हणत पुढे सरकायचो.

त्यांची तांबडी घोडी लंगडू लागली. मालक स्वतः आला. सगळे रांगेत उभे आहेत, आणि तो चाचांना खूर उचलायला सांगतो. चाचा अर्धे वाकतात, घोडीचा पाय धरतात आणि तिथेच अडकतात. शेवटी खूर मी उचलला. आत काळं, सडलेलं, घाण वास. मी म्हणालो, यांच्या घोड्यांचे खूर यापुढे मी करेन. मालक तुटक हिंदीत म्हणाला, "तुम करेगा? फिर ये किसलिए?" मग थोडं थांबून, बऱ्यापैकी मऊ आवाजात, "या तुम वापस साईस बनो, ये भी रहेगा. बोलो." मी खुराकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "खलास."

चाचांना एक्झिट लागली, म्हणजे कायमचं गावी परत. उद्या त्यांना जेद्दाच्या विमानतळावर मीच सोडायचं आहे. गावी मुलांनी घर वाटून घेतलं आहे, कोणाच्याच वाटणीत यांची खाट बसत नाही, म्हणून ते इतकी वर्षं इथे टिकून होते. आज चहा घेताना मलाच म्हणाले, "तोंड कशाला पाडतोस? तुझ्या जागी मी असतो तर मीपण गप बसलो असतो."

नसते बसले, सर. मला माहीत आहे.

तुम्ही असतात तरी हे पाकिटात घातलं नसतं. जुन्या मुलांची पत्रं तुम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचात. तबेल्यातल्या पोरांना मी सांगितलं आहे की मालकासमोर भीतीने माझी जीभ उचलली नाही. भीती नव्हती. मला मुकादम राहायचं होतं.