पहारेकऱ्याचा डावा पाय

मुक्काम लोणावळे, सिनेमाचा तंबू
कार्तिक वद्य दशमी, शके १८४८

तीर्थस्वरूप रखमाजीदादा यांचे चरणी धाकट्या मावसभावाचा, म्हणजे महिपतीचा, दंडवत.

आपण सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. वहिनींच्या गुडघ्याला मी सांगितलेला निर्गुडीचा शेक चालू आहे ना? (नसेल, तर गुडघ्याला बोल लावू नये.) माझी प्रकृती ठीक. इथल्या थंडीने आवाज तेवढा बसला आहे, आणि आवाजावरच माझं पोट असल्याने तंबूचे मालक माझ्यापेक्षा माझ्या घशाची जास्त चौकशी करतात. तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. त्यातली एक ओळ सोडून बाकीचं सगळं मी पाच-सहा वेळा वाचलं. त्या ओळीकडे यायचंच आहे, पण मला जरा वळसा घालून येऊ द्या.

सिनेमातली माणसं तोंड हलवतात, आवाज येत नाही, आणि मधूनमधून पडद्यावर अक्षरं उमटतात हे तुम्हांला मी काय सांगावं? ती अक्षरं वाचता येणारे आमच्या तंबूत दोघेच, एक मी आणि (आला तर) पोस्टमन. म्हणून मालकांनी मला पडद्याशेजारी उभं राहून ती मोठ्याने वाचायला ठेवलं. पण दादा, व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मी, नुसती अक्षरं वाचायला काय पोपट आहे? चित्रात वरवर मारामाऱ्या दिसल्या तरी पोटात गूढ अर्थ असतोच, हे माझं मत तुम्हांला ठाऊक आहे (त्याला तुम्ही हसता, हे मला ठाऊक आहे). तुम्ही पोशाख सांभाळता त्या कंपनीचं जे चित्र इथे चालू आहे, त्यातला किल्ला म्हणजे देह, आतली राणी म्हणजे आत्मा आणि दारात भाला घेऊन उभा असलेला पहारेकरी म्हणजे अहंकार, असा अर्थ मी पहिल्याच दिवशी लावून टाकला. हा पहारेकरी उभ्याउभ्या सारखा डावा पाय उचलून उजव्यावर भार देतो. तेही मी सोडलं नाही. एक पाय प्रपंचात, एक परमार्थात! मग शत्रू येतो, पहारेकरी पडतो, मी "पडला अहंकार!" म्हणून ओरडतो, आणि मंडळी टाळ्या पिटून पडद्यावर शेंगांची टरफलं फेकतात. आठ दिवस हे झकास चाललं.

नवव्या दिवशी तंबूच्या चुलीला लाकडाची मोळी आणणारी सावित्राबाई मोळी टाकून आत डोकावली. ही भाज्याच्या वरच्या वाडीतली म्हातारी, वाडीत एकटीच राहते. अगदी पुढे येऊन मातीत बसली. मी अहंकाराचं वर्णन रंगात आणलं होतं, तोच उठून म्हणाली, "आहंकार कोन? त्यो माजा नवसू हाय."

लोक हसले. मीही हसलो. लिहायला लाज वाटते, पण हसलो. मग आपली बाजू राखायला मी पायाचा परमार्थ पुन्हा समजावू लागलो, तर म्हणाली, "परमार्थ न्हाई ओ मास्तर. बारका हुता तवा डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला. लय येळ उबा ऱ्हाईला की पाय असाच उचलतो." दादा, इतक्या वर्षांत इतका सरळ अर्थ कोणी माझ्या तोंडावर मारला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तुमची कंपनी लोहगडावर चित्र काढायला आली, तेव्हा सामान वाहायला गेलेला तिचा एकुलता नवसू कंपनीबरोबरच निघून गेला, तेव्हापासून खबर नाही. त्या मुलाबद्दल मी तुम्हांला विचारलं होतं ते एवढ्याचसाठी.

तेवढ्यात पडद्यावर शत्रू आला आणि नवसू पडला. म्हातारी त्याला उचलायला धावली. तिची सावली राणीच्या तोंडावर पडली, तशी मंडळींनी आरडाओरडा केला. मी तिला बाहेर नेलं आणि समजावलं, की बाई, हे सगळं खोटं असतं, तो पडतो, मग उठतो, धूळ झटकतो, चहा पितो. तिने ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडल्याला दावता, मंग उटल्याला का दावत न्हाई?"

याला उत्तर आमच्या गेणूने काढलं. (गेणू यंत्राचं हँडल फिरवतो. माणूस सोन्यासारखा, डोकं बेताचं.) दुसऱ्या दिवशी त्याने तेवढाच भाग उलटा फिरवला. शत्रू पाठमोरे धावत किल्ल्याबाहेर गेले, बाण परत धनुष्यात आले, आणि नवसू धुळीतून उठून दारात उभा राहिला. त्याने डावा पाय उचलला. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी ओरडलो, "पुनर्जन्म!" झालं! तेव्हापासून खंडाळा, वळवण, कार्ला इथून माणसं लोटताहेत. तळेगावच्या एका पेन्शनर कारकुनांनी मला शास्त्राधार विचारला. तो उत्तरार्धात येईल असं सांगून मी त्यांना दुसऱ्यांदा यायला लावलं. सावित्राबाई रोज रुळांच्या कडेने भाज्याहून चालत येते. नवसू उठला की पदर सावरून निघून जाते. थांबत नाही, कारण मग गेणूला पुन्हा सुलट फिरवावं लागतं आणि तो पुन्हा पडतो. धंदा म्हणून मी त्याला अहंकारच म्हणतो, ती रागावत नाही.

आता तुमची ओळ. "सदर इसम आषाढात पटकीने वारला, अंत्यविधी कंपनीच्या माणसांनी केला." दादा, मी दगडातूनही अर्थ काढणारा माणूस. या ओळीत दुसरा काही अर्थ सापडतो का, म्हणून रात्रंदिवस शोधला. नाही सापडला. मेलेल्या पोराला मी रोज उठवतो आहे आणि त्याची आई समाधानाने घरी जाते आहे. फार वाईट वाटतं हो. अमावास्येला तंबू हलून कर्जतला जाणार, आणि तिला सांगायचं धाडस मला होत नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांचे कान माझ्या वतीने हलकेच ओढावेत.

आपला,
महिपती

ता. क. एवढं लांबण लावायचं खरं कारण हे, की येत्या रविवारी तुम्ही इथे यावं आणि तिला तुम्ही सांगावं. तुमच्या हातून पोशाख घेऊन तो दारात उभा राहिला होता, त्याला तुम्ही ओळखत होता. मी नुसते अर्थ लावले.

पुन्हा ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवायच्या आत सावित्राबाई मोळी घेऊन आली. मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "मास्तर, मंगळवारपासनं तुमी त्याला आहंकार म्हनत न्हाई. त्यो आला की खाली बगता. गेला न्हवं माजा नवसू?" हे माझं मलाही कळलं नव्हतं. मी होय म्हणून मान हलवली. ती मोळीशेजारी बसून रडली. मीही रडलो, गेणूही. मग डोळे पुसून म्हणाली, "तंबू हलंस्तवर उटवा त्याला." आणि विचारलं, "त्याच्या पायात काय हुतं?"

वहाणा, म्हटलं. कंपनीच्या.

त्या तिला हव्या आहेत. तुमच्या पोशाखखात्यात पहारेकऱ्यांच्या वहाणांचा ढीग असेल आणि सगळ्या एकसारख्या दिसतील. ज्या जोडातली उजवी झिजलेली आणि डावी जवळजवळ कोरी असेल, तो त्याचा. पार्सल माझ्या नावाने लोणावळ्याला नको, भाज्याला जवळच्या मळवली स्टेशनवर सावित्राबाईच्या नावाने करावं. तेवढंच तिचं चालणं वाचेल.