चिकटवलेली दोन पानं

३ जानेवारी १९५४, कल्याण
कॉन्व्हेंटात मदर गोष्टींच्या पुस्तकांतली नको ती पानं खळीने चिकटवायच्या. मी आणि गोदू ती खिडकीच्या उजेडात धरून वाचायचो. उलटी अक्षरं गोदूला चटकन लागायची. आज तिचीच कादंबरी आमच्या महिला वाचनालयात आली. अभिमान वाटला. सवडीने वाचणार.

७ जानेवारी
ठाण्याच्या सभेत गोदूने सांगितलं म्हणे, मी देव मानत नाही. रंगूबाई सकाळीच दारात. पुस्तक कपाटातून काढा, नाहीतर आम्ही दहाजणी वाचनालयातून नाव काढून घेतो. त्यांना स्पष्ट सांगितलं, तिने काय मानावं हा तिचा प्रश्न. म्हणजे मनात सांगितलं. तोंडाने चहा विचारला.
रविवारी मीटिंग. चेअरवुमन मी आहे. लेखनस्वातंत्र्यावर खणखणीत बोलणार.

१० जानेवारी
बोलणारच होते, घसा बसला. शेवंतीने विचारलं, तुळसाताई, तुम्ही तरी वाचलंय का? बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मधला मार्ग काढला. पुस्तक राहील. रंगूबाईंची खूण असलेली पानं तेवढी चिकटवायची. खूण म्हणजे हळदीचं बोट. फोडणी देता देता वाचलंय त्यांनी.
थोडक्यात, पुस्तक मी वाचवलं.

११ जानेवारी
कणकेची खळ शिजवली. दोन पानं. न वाचता चिकटवली, पक्षपात नको. गोदूला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलंय. पुस्तक टेबलावर मांडणार. तिला बरं वाटेल.

१४ जानेवारी
गोदू आली. कुंकू रंगूबाईंकडूनच लावून घेतलं. म्हणाली, श्रद्धा तुमची, कपाळ माझं, लावा. रंगूबाई चक्क हसल्या.
मग तिने पुस्तक उचललं. पान जाड लागलं तशी खिडकीशी गेली, उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचू लागली. दोन मुली प्रार्थना चुकवून खिडकीशी उभ्या आहेत. एकीचं नाव तुळशी. दोघींत न घाबरणारी ती.
एवढंच म्हणाली, मदरची खळ जास्त घट्ट असायची, तुळशे.
तिळगूळ न घेता गेली.

१५ जानेवारी
राजीनामा लिहिला. कपाटाची किल्ली शेवंतीला द्यावी. खुर्ची रंगूबाईंना, तिच्यावरची उशी माझी आहे, तीही राहू दे. वाणाच्या उरलेल्या फण्या झाडलोट करणाऱ्या बायजाला. वाचनालयाला नवी प्रत मी आणून देईन. चिकटवलेली मला. सोडवायला गेले तर फाटते. खिडकीशी धरून बसले होते.
उलटी अक्षरं मला लागत नाहीत. ती गोदूला लागायची.