वडशाच्या स्टेशनावर रेंगी पाठवण्याबाबत

चांदा,
शुक्रवार, १६ सप्टेंबर १९५५

श्री. गुणवंतभाऊंना नानाजीचा सादर रामराम.

घरची मंडळी खुशाल असतील, वहिनींचा गुडघा वळत असेल. तुमची बहीण वच्छला गावी ठीक आहे. मी चांद्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून हे लिहून राह्यलो. घाबरू नका, मी बरा आहे. तेच तर वाईट झालं.

सोमवारी सकाळी शाळेत पाढे म्हणवून घेताना पोटात अशी कळ उठली, की बाराचा पाढा पोरांनी माझ्यावाचूनच संपवला. वच्छलेने ओवा दिला, शेजाऱ्यांनी हिंग दिला, पाटलांनी निकाल दिला : आतडं अडकलं, चांद्याला न्या. पण न्यायचं कशातून? पावसाळ्यात आमच्याकडे मोटार येत नाही (उन्हाळ्यात येते, पण तेव्हा ती बिघडते) आणि चिखलात बैल पोटापर्यंत रुततात. म्हणून बाजेला बांबू बांधून मला वर निजवलं. खांदा द्यायला चौघे आले. त्यांत गोंडटोल्यावरचा सुकलू होता. त्याचं नि माझं कधी फारसं बोलणंही झालेलं नाही.

पहिला मैल मी विव्हळलो. दुसऱ्या मैलात लाज वाटू लागली. उतरतो म्हणालो, तर सुकलू म्हणाला, "हालू नका जी गुरुजी, आमाले जड जाते." नाल्याला गळाभर पाणी. चौघांनी बाज डोक्यावर घेतली, माझ्या धोतराचा काठसुद्धा भिजला नाही. सुकलू सगळ्यात पुढे होता. त्याला दोन दिवसांपासून ताप होता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

पलीकडे मुरमाची सडक लागते. तिथे मीठ आणायला वडशाला निघालेली रिकामी बैलबंडी भेटली. तिच्या चौथ्या-पाचव्या हिसक्याला माझ्या पोटात अडलेलं जे काही होतं ते सुटलं. (तपशील पत्रात लिहिण्याजोगा नाही.) कळ गेली! बंडीवाला हसला, मीही हसलो. मागे पाहतो, तर सुकलू वाटेत बसलेला आणि त्याचे दात वाजताहेत.

मी खाली उतरलो, त्याला माझ्या जागी निजायला सांगितलं. ऐकेना. "बिमार तुमी हा गुरुजी, मी बंडीत काऊन निजू?" शेवटी इतर तिघांनी त्याला उचलून ठेवलं आणि ते गावाकडे परतले. तापाचं घरी सांगू नका, असं सुकलूने त्यांना बजावलं. वडशाला आगगाडी सुटायच्या बेतात होती, म्हणून तुमच्या घरी डोकावता आलं नाही, राग मानू नये. सुकलू पहिल्यांदाच आगगाडीत बसला होता. नागभीडपर्यंत अंगात ताप असून खिडकी सोडली नाही. पुढे माझ्या मांडीवर डोकं टेकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रोगी कोण?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्यांनी त्याची छाती तपासली, दोन्ही बाजूंनी न्युमोनिया. मला म्हणाले, "मास्तर, पोट साफ ठेवत जा."

तेव्हापासून मी इथेच आहे. तिकडे सुकलूच्या बायकोला, बुधरीला, वाटत असेल की गुरुजींचं काही खरं नाही, म्हणून आपला माणूस थांबला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नानाजी

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. सुकलूचा ताप उतरू लागला आहे. डॉक्टर रविवारी सोडतो म्हणतात, पण पायी चालू द्यायचं नाही. तरी सोमवारी तुमची छपराची रेंगी बैल जुंपून स्टेशनावर पाठवा. जाईल तिथवर जाऊ. त्याला निजायला आत भाताचं तणस जाड घाला.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, तर नर्सबाईंनी मागे बोलावलं. सुकलू दुपारी गेला. त्याला गावी न्यायला इथली कोणतीच गाडी तयार नाही. उद्या इथेच माती देणार. रेंगी नको. पण सोमवारी तुम्ही स्वतः स्टेशनावर या, भाऊ. बुधरीच्या दारात मला एकट्याने उभं राहवणार नाही.