आठ चाकं आणि मी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नवीन आयुष्य. परवा ताई फोनवर म्हणाली, तू आरंभशूर आहेस गं. गिटार चार आठवडे, पोहणं तीन, शिवणाच्या क्लासचं तर मशीन घरी आलं आणि तू थांबलीस. मोठ्या बहिणीपुढे मी चव्वेचाळिसाव्या वर्षीही हो ताई म्हणते.
ऑफिस सुटल्यावर शेजारच्या हॉलच्या दारावर कागद दिसला. रोलर डर्बी, नवशिक्यांचं स्वागत. नाव देऊन आले. ताईला सांगायचं नाही. एकदम मॅचलाच बोलवायचं.
पाय सुजलेत. दिवसभर तक्रारींची खिडकी. पाणी येत नाही, पाणी गढूळ येतं, पाणी थांबतच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
नियम समजले. चाकांचे बूट घालून गोल गोल पळायचं. दोन टीम. प्रत्येक टीमची एक जॅमर, तिच्या हेल्मेटवर चांदणी. तिने समोरच्या टीममधल्या बायकांना मागे टाकायचं, जितक्या मागे टाकल्या तितके पॉइंट. बाकीच्यांनी खांदा आणि कंबर लावून तिला अडवायचं.
मी अर्थात जॅमर. खिडकीत बसून एकोणीस वर्षं लोकांना अडवतेच आहे. आता स्वतः पुढे जायचं.
प्रत्यक्षात आज बूट घातले आणि उभी राहिले. भिंत धरून. कोच (एरवी फिजिओथेरपिस्ट) म्हणाली, आज एवढंच पुरे. बाकीच्यांना असं म्हणाली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
पडायला शिकवलं. कोच सगळ्यांना म्हणाली, यांच्याकडे बघा, या न सांगताच पडतात. पहिलं जाहीर कौतुक.

१२ फेब्रुवारी, बुधवार
या खेळात टोपणनाव घ्यावं लागतं. आमच्या कॅप्टनचं नाव अडकित्ता. ती आणि भिंत यांच्यामध्ये सापडलं की का ते कळतं. एरवी प्राथमिक शाळेत गणित शिकवते, आवाज अगदी बारीक.
मी ‘चक्रीवादळ’ घेतलं. कोचने यादीत लिहिलं. सराव संपेपर्यंत सगळ्या मला झुळूक म्हणू लागल्या. लाडाने.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सरावाला गेले नाही. कंबर. नवऱ्याने विचारलं, आज सुट्टी? मी म्हटलं, विश्रांती हा ट्रेनिंगचाच भाग असतो. तो म्हणाला, शनिवारीही तोच भाग होता वाटतं. पेपरमागून बोलणाऱ्या माणसाला उत्तर देऊ नये.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला वीस बैठका.

२० फेब्रुवारी, पहाटे ५.००
उठले.

५.०४
एक बैठक झाली. वर येताना कपाट धरावं लागलं. कपाटाचं दार सैल झालंय. सुताराला बोलावल्याशिवाय पुढच्या बैठका सुरक्षित नाहीत.

१ मार्च, शनिवार
परीक्षा. पाच मिनिटांत वीस फेऱ्या. माझ्या सहा. सहावी जवळजवळ.
हॉलच्या फरशीला स्टेजकडे उतार आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं आहे. पेन्सिल ठेवून पाहिली, घरंगळत गेली. अडकित्ता म्हणाली, तिच्या त्याच फरशीवर चोवीस झाल्या. असतील. तिला उताराची सवय आहे.

१५ मार्च, शनिवार
आठ फेऱ्या! दोन आठवड्यांत तेहेतीस टक्के वाढ. कोचला हे सांगितलं. ती म्हणाली, पाणी प्या.

२२ मार्च, शनिवार
नवऱ्याने ताईला सांगून टाकलं. ताईचा लगेच फोन. चाकं लावून? तू? हसत होती. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, किती दिवस टिकणार हे?
माझ्या तोंडून निघून गेलं की बारा एप्रिलला मॅच आहे, ये, आणि मी टीमची जॅमर आहे.
ताई म्हणाली, येते.

२ एप्रिल, बुधवार
यादी लागली. माझं नाव आहे! सर्वांत खाली. दोघींना ताप आहे आणि मॅच मैत्रीची आहे, नवशिक्या चालतात, पण ते गौण.
कोचला बाजूला घेऊन सांगितलं, मला जॅमर करा. तिने विचारलं, का? मी म्हटलं, बहीण येणार आहे. ती म्हणाली, शेवटची दोन मिनिटं, आपण भरपूर पुढे असलो तर.
म्हणजे मला शेवटासाठी राखून ठेवलंय.

९ एप्रिल, बुधवार
खिडकीवर एक गृहस्थ पाऊण तास ओरडले. पाण्याचं होतं, पण माझ्यावर होतं. लिफ्ट बंद, तीन मजले.
तशीच सरावाला गेले. बूट चढवले आणि बाकावरच बसून राहिले. उठवेना. अडकित्ता येऊन समोर बसली, माझ्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, शाळेतल्या मुलांची बांधतात तशी. म्हणाली, गुडघे वाकवा, समोर बघा, माझ्या मागे राहा. वाट मी काढते.
मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार
काल मॅच झाली.
आम्ही एकतीस पॉइंटने पुढे होतो. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा कोचने डोळे मिटले आणि मला खूण केली. हेल्मेटवर चांदणी. शिट्टी.
अडकित्ताने खरंच वाट काढली. दोन दांडग्या बायका बाजूला सारल्या, मध्ये दरवाजाएवढी जागा. मी निघाले. गुडघे वाकलेले होते. फक्त समोर बघायचं होतं.
मी वर खुर्च्यांकडे पाहिलं. ताई कुठे बसलीय ते.
मला कोणीही ढकललं नाही, हे नोंदवून ठेवते. तोल गेला आणि हाताला जे लागलं ते धरलं. ते अडकित्ता होतं. ती खाली, तिच्यावर मी. तिचं मनगट वाजलेलं मला ऐकू आलं.
टाळ्या एकाच माणसाच्या. ताई उभी राहून वाजवत होती.
बाहेर तिने मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, त्या दांडगीला काय आडवं केलंस गं! एका फटक्यात! कोण कुठल्या टीमची हे तिला शेवटपर्यंत कळलेलं नव्हतं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, या वेळी तडीस नेलंस.
ती आमचीच कॅप्टन होती, असं सांगायला मी तोंड उघडलं. ताईचा हात अजून पाठीवर होता.
मी म्हटलं, सराव लागतो.

१५ एप्रिल, मंगळवार
अडकित्ताला फोन केला. सहा आठवडे प्लॅस्टर. फळ्यावर डाव्या हाताने लिहिते म्हणाली, मुलं खूश आहेत. मी विचारलं, राग आला? ती म्हणाली, वाट काढली होती मी, तुम्ही बघत का नव्हता? मी म्हटलं, बहीण आली होती. हं, म्हणाली. फोन तिनेच ठेवला.
कोचचा मेसेज आला. थोडे दिवस विश्रांती घ्या. मी विचारलं, किती दिवस? उत्तर आलं, तुम्ही म्हणाल तितके.
संध्याकाळी ताईचा फोन. तिने सगळ्या चुलत बहिणींना सांगितलंय. पुढची मॅच जूनमध्ये आहे हे तिने हॉलबाहेरच्या कागदावर वाचलं होतं, त्या मॅचला गाडी करून येणार आहेत. नऊ जणी.
मी हो म्हटलं.