मंडळाची चाळीस जाकिटं

३ मार्च, सोमवार

कपाट बाद! अख्खं कपाट बाद!

काल ग्राहक मंडळात तो माहितीपट पाहिला आणि झोपच उडाली. कुठल्या तरी कारखान्यात बायका कोंडलेल्या, कागदपत्रं मालकाकडे, वर शिव्या. आणि त्यांनी शिवलेलं आपण मिरवायचं? सकाळी सगळे कपडे पलंगावर ओतले. प्रत्येकाचं लेबल वाचलं. कुठे शिवलं ते लिहिलंय, कोणी शिवलं ते एकावरही नाही!

हे म्हणाले, "ऑफिसला मी काय घालून जाऊ?"

म्हटलं, "जरा विचार करून जा."

"विचार घालून बसमध्ये चढू देत नाहीत गं." – यांना प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो.

सोळा तारखेला त्या मोठ्या कपड्यांच्या दुकानावर मोर्चा. चाळीस जणी, पांढरी जाकिटं, पाठीवर लाल अक्षरं – 'हे कोणी शिवलं?' कल्पना माझी. चिटणीस म्हणून जबाबदारीही माझीच.

५ मार्च, बुधवार

अध्यक्षबाई म्हणतात, जाकिटं तयार मिळतात, स्वस्त पडतील. मी ताडकन उठले. तयार? आपण? मोर्चाला?

लाँड्रीशेजारी जिन्याखाली मशीन टाकून एक मुलगी बसते. फॉल, बिडिंग, पँटची उंची कमी करणं, असलं काम. तिला गाठलं.

"काकू, चाळीस? दहा दिवसांत?"

"अगं, दुसरं काही करायचंच नाही. आमच्याकडेच राहा. जायचा-यायचा त्रास नको."

राहते लांब, दोन बस बदलून. थोरल्या बहिणीबरोबर. बहिणीचे दिवस भरत आलेत, म्हणून का-कू करत होती. मी समजूत घातली. मशीन मागच्या खोलीत लावून दिलं. तिचं ओळखपत्र वॉचमनला दाखवायला घेतलं आणि माझ्याच कपाटात ठेवलं. तिच्याकडे कुठे हरवलं असतं तर?

मुलगी गुणी आहे. घरच्यासारखीच ठेवायची असं ठरवलंय.

८ मार्च, शनिवार

बहिणीचा सारखा फोन! दर फोनला हात थांबतो, टीप वाकडी जाते. शेवटी फोन घेऊन फ्रिजवर ठेवला. जेवताना देतेच की.

हे म्हणाले, "तिला विचारलंस का?"

विचारायचं काय त्यात? काम तिचंच लवकर संपणार आहे!

११ मार्च, मंगळवार

अध्यक्षबाई येऊन बघून गेल्या. अक्षरं लहान वाटतात म्हणे, फोटोत दिसणार नाहीत. सतरा जाकिटांची अक्षरं उसवायला लागली. मुलगी कात्री शोधायला लागली.

दुपारी सुई नखातून आरपार. मी धावत जाऊन पट्टी बांधली. जाकिटावरचा डाग थंड पाण्याने लगेच धुतला म्हणून गेला. पांढऱ्या कापडाचं हे असं असतं – जपावं लागतं.

१३ मार्च, गुरुवार

बहिणीला दवाखान्यात नेलं, असा तिच्या शेजारणीचा फोन आला. मीच घेतला. मुलगी उठून उभी राहिली.

"काकू, बघून येते. संध्याकाळपर्यंत परत येते."

"अगं, पहिलटकरणीला वेळ लागतो. रविवार होऊ दे, मग महिनाभर राहा तिच्याजवळ!"

"तिच्याजवळ कोणी नाही."

"डॉक्टर आहेत ना?"

मग म्हणाली, "माझं कार्ड द्या." कार्ड काय पळून चाललंय? तिला चहा करून दिला. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. पण चौदा जाकिटं बाकी!

१५ मार्च, शनिवार

दुपारी सभा. घरात कोणी नाही, मुलगी एकटी, दिवस वाईट – म्हणून जाताना बाहेरून कुलूप लावलं. तिच्याच सुरक्षिततेसाठी.

निवृत्त कारखाना निरीक्षक बोलायला आले होते. वाळका, हळू बोलणारा माणूस. म्हणाले, "सक्तीचं काम ओळखायला चाबूक शोधू नका. तीन गोष्टी विचारा. ओळखपत्र कोणाकडे आहे? फोन कोणाकडे? आणि तिला आत्ता बाहेर पडावंसं वाटलं, तर पडता येईल का?"

सभागृहात च्च च्च झालं. मी इतिवृत्त लिहीत होते. तिसऱ्या प्रश्नापाशी पेन थांबलं. शाई संपली असेल.

ते पुढे म्हणाले, "मला आजवर एकही क्रूर मालक भेटला नाही. प्रत्येक जण हेच सांगतो – आम्ही तिला घरच्यासारखी ठेवतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. जरा उशिरा.

घरी आले तर कुलूप काढलेलं. हे मागच्या खोलीत, मशीनसमोरच्या स्टुलावर बसलेले.

"कुठे गेली?"

"गेली. मी रिक्षात बसवून दिली. फोन दिला, कार्ड दिलं."

"अहो, चार जाकिटं राहिलीत अजून!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

"मी आलो तेव्हा दारामागे उभी होती," म्हणाले. "पिशवी भरून. 'काका, कुलूप काढा' एवढंच म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही गं."

मी विचारलं, "बहिणीचं काय झालं?"

"परवाच बाळंत झाली. एकटीच होती. बाळ काचेच्या पेटीत आहे."

१६ मार्च, रविवार

मोर्चा झाला. छत्तीस जाकिटं. फोटो छान आलेत, अक्षरं स्पष्ट दिसतात.

मी घातलं नाही. उकडतंय, असं सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

मंडळाकडे टपालाने लेखी तक्रार आली. आपल्याच मोर्चाच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली. एक कामगार, दहा दिवस, कार्ड काढून घेतलं, फोन काढून घेतला, बाहेरून कुलूप. खाली सही. मालकाचं नाव मात्र तिने लिहिलेलं नाही – 'काकू' एवढंच.

अध्यक्षबाईंना फोनवर वाचून दाखवली. त्यांना आनंद मावेना. "पहिलीच तक्रार आपली! मालकाला सोडायचं नाही हं!"

नोंदवहीत मालकाच्या नावाचा रकाना आहे. तो भरल्याशिवाय तक्रार दाखल होत नाही.

माझं पूर्ण नाव लिहिलं.